स्पीच-हिअरिंग आणि इंग्लिश टीचिंग, दोन्ही शिकायचंय? ठाणे-नवी मुंबईत राहून कसं जमवायचं

घणसोलीला आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे, यंदा अकरावी सायन्सला, तिने परवा फोन केला की ताई मला लहान मुलांची स्पीच थेरपी पण करायचीय आणि इंग्लिश पण शिकवायचंय, दोन्हीची मिळून एकच डिग्री असते का. मी सांगायला लागले तेवढ्यात तिची गाडी आली आणि त्या गर्दीत पुढचं काही ऐकू जाईना, म्हणून आता बसून सगळं लिहून काढतेय. तिच्यासारखे अजून असतील, आणि असे आईवडीलही असतील ज्यांना हे दोन विषय एकत्र कशाला घ्यायचे हेच कळत नाही.

तर तयार जोडडिग्री शोधत बसू नका, आपल्याकडे ही जोडी आपली आपणच जमवायची असते. मी अशी जमवली: आधी बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करायची पदवी, मग डिस्टन्सने एम.ए. इंग्लिश, आणि त्याच्यावर इंग्लिश शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स. आता सकाळी ठाण्यात क्लिनिक असतं आणि संध्याकाळी कोपरखैरण्यात इंग्लिशची बॅच घेते.

सगळ्यात आधी क्रम. बरेच जण इथेच चुकतात. इंग्लिशचं दार कधीच बंद होत नाही, कुठल्याही शाखेची डिग्री घेऊन वयाच्या चाळिशीत पण एम.ए. इंग्लिश करता येतं. स्पीच-हिअरिंगचं तसं नाहीये. बीएएसएलपीला बारावी सायन्स लागतं, आणि आपल्या राज्यात आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांतल्या सीट्स सीईटी सेलच्या राउंडमधून नीटच्या मार्कांवर भरतात, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या जोडीने. म्हणजे दहावीनंतर आर्ट्स घेतलं आणि मग तीन वर्षांनी वाटलं की स्पीच थेरपिस्ट व्हायचंय, तर परत बारावी सायन्सपासून सुरुवात करावी लागते. म्हणून ज्याच्या मनात दोन्ही आहे त्याने आधी सायन्स घ्यावं, बायोलॉजी सोडू नये, नीट द्यावी, आणि इंग्लिश मागून आणावं. नीटला एमबीबीएसएवढे मार्क लागत नाहीत, पण परीक्षा द्यावी लागते आणि प्रेफरन्स फॉर्म डोकं जागेवर ठेवून भरावा लागतो. खूप मुलं बीएएसएलपी शेवटच्या ओळीत टाकतात, ते काय असतं हे माहीत नसताना, आणि मग सीट लागली की रडत येतात. तुम्हाला हेच हवं असेल तर वर टाका.

कुठे शिकायचं? जवळ दोन मोठी नावं आहेत. एक बांद्रा रेक्लमेशनचं अली यावर जंग, १९८३ पासूनचं, केंद्र सरकारचं राष्ट्रीय संस्थान, जुने लोक अजूनही त्याला एनआयएचएच म्हणतात. दुसरं मुंबई सेंट्रलचं नायर हॉस्पिटल, म्हणजे टोपीवाला मेडिकल कॉलेजचं ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं स्कूल. आपल्या देशात हे शिक्षण १९६० च्या दशकात सुरू झालं, त्यातल्या सगळ्यात जुन्या नावांत नायर आणि म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग येतात. पुण्यात भारती विद्यापीठाचं आहे. अली यावर जंग आणि म्हैसूर यांच्या प्रवेशाची नोटीस त्यांच्या त्यांच्या साइटवर निघते, ती वेगळी बघायची, सीईटी सेलच्या साइटवर सगळं सापडेल असं धरून बसायचं नाही.

ठाण्याहून बांद्र्याला जायचं तर दादरला उतरून वेस्टर्न पकडायची, वाशी-नेरूळकडून येणाऱ्यांनी हार्बरने वडाळ्याला बदलून बांद्र्याची गाडी घ्यायची. नायरला पण दादरला बदलून मुंबई सेंट्रल. रोजचे तीन-साडेतीन तास जातात, ते धरून चाला. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसच्या खिडकीवरून परत फिरू नका, ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर तासभर बसा. कोण येतं ते बघा. आईच्या कडेवर दोन वर्षांचं पोर ज्याच्या दोन्ही कानांना मशीन आहे, लकव्यानंतर वाचा गेलेले आजोबा, अडखळत बोलणारा कॉलेजचा मुलगा जो स्वतःचं नाव सांगताना अडतो, आवाज बसलेल्या शाळेच्या बाई. तासाभरात कळतं आपल्याला हे करायचंय का नाही.

कोर्स चार वर्षांचा, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षात कान, घसा, मेंदू यांची अॅनाटॉमी, सायकॉलॉजी, लिंग्विस्टिक्स-फोनेटिक्स म्हणजे भाषेचं आणि उच्चारांचं शास्त्र, आणि इलेक्ट्रॉनिक्स-अकॉस्टिक्स म्हणजे आवाजाचं शास्त्र, असं सगळं एकदम अंगावर येतं. इंग्लिशकडे ओढा असलेली मुलं अकॉस्टिक्सला घाबरतात आणि तो पेपर कसाबसा काढतात, मला वाटतं हे फार मोठं नुकसान आहे, कारण पुढे इंग्लिश शिकवताना मला जितका उपयोग त्या पेपरचा झाला तितका एम.ए.च्या कुठल्याच पेपरचा नाही झाला. आवाज म्हणजे हर्ट्झ आणि डेसिबल, कुठला आवाज किती उंच पट्टीत असतो आणि किती हळू असतो, हे एकदा डोक्यात बसलं की वर्गातलं पोर काय ऐकतंय ते तुम्हाला दिसायला लागतं. त्याचं एक उदाहरण सांगते, त्याशिवाय हे दोन विषय का जोडायचे ते कळणार नाही.

माझ्या संध्याकाळच्या बॅचला पाचवीतला एक मुलगा होता, सेमीचा, वडील वाशीला एपीएमसीत मापाडी. हुशार पोर, गणित पटपट सोडवायचा. इंग्लिशमध्ये मात्र कायम 'टू बुक', 'माय ब्रदर शर्ट', 'ही गो टू स्कूल'. शाळेच्या डायरीत लाल पेनने लिहून आलेलं, ग्रामर कच्चं, लक्ष देत नाही. अनेकवचनाचा एस, ब्रदर्स शर्ट मधला एस, ही गोज मधला एस, सगळीकडचा एस गायब. आता कुठल्याही मराठी मुलाचा हा एस सुरुवातीला सुटतोच, कारण आपलं अनेकवचन स्वरावर चालतं, मुलगा-मुलगे, चिमणी-चिमण्या, शेवटी स लावायची सवयच नाही. म्हणून मी पण दोन महिने त्याला व्याकरणच शिकवत राहिले. त्याला नियम तोंडपाठ झाला, वहीत बरोबर लिहायचा, बोलताना आणि डिक्टेशनला परत तेच.

मग एक दिवस सुचलं की मराठीत बघू. मराठीत पण एक जागा आहे जिथे शेवटी स लागतो, तू जातोस, तू खातोस, तू करतेस. मी त्याला समोर बसवलं, माझ्या तोंडासमोर वही आडवी धरली, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि म्हटलं मी बोलते तसंच म्हण. 'तू आंबा खातोस.' तो म्हणाला 'तू आंबा खातो'. 'तू शाळेत जातोस.' 'तू शाळेत जातो.' वही खाली घेतली, परत म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघत बरोबर 'जातोस' म्हणाला. वही वर, परत 'जातो'. मग डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाचे सहा आवाज घेतले, आमच्याकडे सगळे वापरतात, आ, ई, ऊ, म, श, स, हे सहा आवाज बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा धरतात, खालच्या पट्टीतल्या म पासून वरच्या पट्टीतल्या स पर्यंत. पहिले चार लगेच म्हणाला. श ला थांबला. स ला नुसता माझ्याकडे बघत राहिला, त्याला वाटलं मी अजून काही बोललेच नाही.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली तर खालच्या पट्टीत, २५० पासून १००० हर्ट्झपर्यंत ठीक, २००० पासून उतार, ४००० च्या पुढे एकदम घाट उतरावा तसा ग्राफ. स हा आवाज नेमका त्या वरच्या पट्टीत असतो आणि मुळातच हळू असतो. आई ऐकायला तयार नव्हती, म्हणाली अहो हाक मारली की ओ देतो की, टीव्ही बघतो, बहिरा कसा असेल. बरोबरच होतं तिचं. हाक स्वरांवर ऐकू येते, स्वर मोठे आणि खालच्या पट्टीतले, ते त्याला व्यवस्थित येत होते. घरातली मराठी त्याने स्वरांवर, ओठांवर आणि सवयीवर निभावली होती. इंग्लिशमध्ये ती सवय नव्हती, म्हणून तिथे उघडं पडलं. नंतर ईएनटी डॉक्टरांनी तपासलं, मशीन लागलं, आणि डायरीतला लाल शेरा बंद झाला.

नुसती इंग्लिश टीचर असते तर मी अजून सहा महिने व्याकरण शिकवलं असतं. नुसती ऑडिओलॉजिस्ट असते तर तो मुलगा माझ्यापर्यंत आलाच नसता, त्याला घेऊन क्लिनिकला कोणी कशाला आलं असतं.

यातून एक कामाची रीत शिकून घ्या, ती दोन्हीकडे रोज लागते. मूल काही चुकीचं बोललं की बघायचं, ही चूक दोन्ही भाषांत होते की एकाच. फक्त इंग्लिशमध्ये होत असेल तर बहुतेक ती शिकण्यातली पायरी असते, मराठीचा रंग असतो, तिथे शिकवायचं. दोन्हीत होत असेल, 'कावळा'चा 'तावळा' आणि 'कप'चा पण 'तप', किंवा दोन्हीत अडखळत असेल, तर तिथे तपासायचं. आणि आवाजाची अडचण असेल तर पहिली टेस्ट कानाची, मग बाकीचं. वहीची युक्ती ही फक्त शंका येण्यापुरती आहे, निदान ऑडिओमेट्रीनेच होतं, हे टीचर असाल तर विसरू नका. पावसाळ्यात सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेली मुलं वर्गात कितीतरी असतात, काही आठवडे थोडं कमी ऐकू येतं, आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

आता इंग्लिशची बाजू. बीएएसएलपी चालू असतानाच बी.ए. इंग्लिश डिस्टन्सने करावं का, हे सगळे विचारतात. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीय, दोन्ही रेग्युलर असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स किंवा ऑनलाइन. पण आपला कोर्स रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या नियमांखाली येतो, म्हणून आधी स्वतःच्या कॉलेजला अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. मी हे केलं नाही. दुसऱ्या वर्षाला असताना कोणाला न विचारता डिस्टन्सला बी.ए.चं अॅडमिशन घेतलं, फी भरली, पुस्तकं आली, आणि डिसेंबरमध्ये दोन्हीकडच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या, त्यात क्लिनिकची हजेरी. बी.ए. सोडून द्यावं लागलं, घरच्यांनी भरलेले पैसे गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि खरं सांगायचं तर त्या बी.ए.ची गरजच नव्हती. एम.ए. इंग्लिशला कुठलीही डिग्री चालते, इग्नूला तर नक्कीच, म्हणजे बीएएसएलपी झाली की सरळ एम.ए. इग्नूचं अॅडमिशन वर्षातून दोनदा असतं, जानेवारी आणि जुलै, परीक्षा जून आणि डिसेंबरला. एम.ए. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. हे चारचं लक्षात ठेवा, नोकरी लागल्यावर ते चार खूप कामाला येतात. मार्कांमध्ये असाइनमेंटचे ३० टक्के धरतात, ती हाताने लिहून वेळेत द्यायची, शेवटच्या दिवशी स्टडी सेंटरच्या रांगेत उभं राहायचं नाही. मुंबई विद्यापीठाचं डिस्टन्स आहे, ज्याला सगळे अजून आयडॉलच म्हणतात, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घराजवळ सेंटर कुठे मिळतं ते बघून ठरवा.

पण एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. एम.ए. इंग्लिश म्हणजे मुख्यतः साहित्य, कविता, नाटक, कादंबरी, टीका. भाषाविज्ञानाचा भाग थोडा असतो, तो तुम्हाला सोपा जाईल कारण फोनेटिक्स बीएएसएलपीत झालेलं असतं. वर्गात उभं राहून तिसरीच्या चाळीस मुलांना इंग्लिश कसं शिकवायचं हे त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा कोर्स लागतो. इग्नूचा इंग्लिश शिकवण्याचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. हैदराबादची इफ्लू, जी १९५८ ला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झाली, ती इंग्लिश टीचिंगच्या पीजी कोर्ससाठीच ओळखली जाते, डिस्टन्सने पण. केंब्रिजचं सेल्टा आहे, साधारण १२० तासांचं आणि त्यात कमीत कमी सहा तास प्रत्यक्ष शिकवायचं, परीक्षक मागे बसून नोट्स घेतात. ते महाग आहे, पण मोठ्या माणसांना शिकवायचं असेल किंवा बाहेरगावी जायचं असेल तर विचार करा. शाळेत पर्मनंट नोकरी हवी असेल तर मात्र यातलं काहीच पुरत नाही, तिथे बी.एड. आणि आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी लागतंच, आणि बी.एड. म्हणजे परत दोन वर्षं रेग्युलर.

माझं मत विचाराल तर आधी पदवी आणि रजिस्ट्रेशन, मग टीचिंगचा सर्टिफिकेट, मग वर्षभर शिकवून बघा, आणि आवडलं तर एम.ए. उलटं केलं तर पाच-सहा वर्षं नुसत्या परीक्षा होतात.

इंटर्नशिपच्या वर्षात काहीही नवीन सुरू करू नका. ते वर्ष पूर्ण द्या.

अभ्यास कसा जोडायचा हे थोडं सविस्तर सांगते, कारण कोर्स दोन असले तरी वही एकच ठेवली की दोन्ही एकमेकांना मदत करतात. मी एक दोनशे पानी वही केली होती, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्लिश, मधे आयपीएची, म्हणजे उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय लिपीची चिन्हं. रोज एक आवाज. लिहायला लागलं की लक्षात येतं आपल्या मराठीत किती आवाज आहेत जे लिपीत दिसतच नाहीत. चार मधला च आणि चमचा मधला च वेगळा. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगणं, लिहायला एक, बोलायला दोन. हे नुसतं गंमत म्हणून नाही, शिकवताना लागतं. पोरगं झू ला 'झू' म्हणतं, जोरात हवा सोडून, त्याला झेब्रा, झिरो सगळं तसंच येतं. त्याला म्हणा 'जुना' म्हण, आता ना सोड, नुसता जु धर आणि थोडा लांबव. झालं, इंग्लिशचा झेड जवळपास आला. तो आवाज त्याच्याकडे घरचाच होता, शाळेने त्याला परका करून शिकवला.

व्ही आणि डब्ल्यूचं पण तसंच. आपण लिहिताना आपोआप फरक करतो, व्हॅन ला व्ह आणि वॉच ला व, पण बोलताना दोन्ही एकच करतो. मुलांना ते लिहिलेलं दाखवा, व्ह दिसला की वरचे दात खालच्या ओठावर, नुसता व दिसला की ओठांचा चंबू. आरसा द्या हातात. पाच मिनिटांचं काम आहे. शिप आणि शीप ला जास्त वेळ लागतो, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनापुरतं ठेवलंय, बोलताना फारसं पाळत नाही. थ आणि द साठी जीव काढू नका. 'थिंक' मराठी थ ने म्हटलं तरी समोरच्याला कळतं. त्यापेक्षा शब्दात जोर कुठे द्यायचा ते शिकवा. आपण 'डेव्हलप' म्हणताना जोर पहिल्यावर देतो, खरा दुसऱ्यावर हवा, आणि असा जोर चुकला की ऐकणारा जास्त गोंधळतो.

लोकलचा वेळ वापरा. आपल्या गाड्यांत अनाउन्समेंट मराठी, हिंदी, इंग्लिश अशा तीन भाषांत होते, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, एकच नाव तीनदा ऐकायचं आणि आयपीएत लिहायचं, ळ चं काय होतं, ण चं काय होतं, जोर कुठे सरकतो. महिनाभर केलं की हात बसतो, व्हायवाला ट्रान्सक्रिप्शन विचारलं तरी घाम फुटत नाही. घरी प्रात नावाचं आवाज तपासायचं सॉफ्टवेअर टाकून घ्या, अॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बनवलेलं, फुकट मिळतं. स्वतःचा स आणि श रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघा, स चा काळा पट्टा किती वर जातो ते डोळ्याने दिसतं. त्या मुलाच्या आईला मी तेच दाखवलं होतं, बघा हा वरचा भाग त्याला येतच नाही, तेव्हा तिला पटलं. ऑडिओग्राम, म्हणजे तपासणीचा ग्राफ, बघून नव्हतं पटलं.

आता कामाबद्दल, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे. डिग्री झाली की आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन घ्यायचं, १९९२ च्या कायद्याने ते सक्तीचं आहे, त्याशिवाय स्पीच थेरपिस्ट म्हणून बोर्ड लावणं गुन्हा आहे. सीआरआर नंबर मिळतो, तो रिपोर्टवर लिहायचा, आणि रजिस्ट्रेशन वेळेवर रिन्यू करायचं, त्यासाठी सेमिनारचे पॉइंट्स जमवावे लागतात, सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये ठेवा. इंग्लिशचा क्लास घ्यायला हे काही लागत नाही, म्हणूनच दोन्हीची पावती, दोन्हीची वेळ आणि दोन्हीची जागा वेगळी ठेवा. अॅक्सेंट हा आजार नाही. मराठी माणसाचं इंग्लिश मराठी वळणाचं असणं यात तपासण्यासारखं काही नाही, त्याला थेरपी म्हणून पैसे घ्यायचे नाहीत. त्याला इंटरव्ह्यूसाठी स्पष्ट बोलायला शिकायचं असेल तर क्लासला या, पेशंट म्हणून नको.

दुसरं, घरात कुठली भाषा बोलायची. तुमच्याकडे असे आईवडील येणारच, की मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही आणि प्लेग्रुपमधून सांगितलंय घरी मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला. माझ्याकडे सानपाड्याची एक आई आली होती, तिला स्वतःला इंग्लिश नीट येत नव्हतं, तर ती पोराशी 'कम', 'सिट', 'इट', 'नो' एवढंच बोलायची, आठ महिने. गोष्ट नाही, गाणं नाही, भांडण नाही, चिऊकाऊ नाही. त्या पोराला भाषाच मिळत नव्हती. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं नसतं, ज्याला अडचण आहे त्याला ती एका भाषेत पण असते. आईला जी भाषा सगळ्यात मोकळी येते त्याच भाषेत भरभरून बोलायचं, इंग्लिश शाळेत येतं. हे सांगायला तुमच्याकडे इंग्लिश टीचिंगचं सर्टिफिकेट असलं की फार फरक पडतो, लोक ऐकतात. इंग्लिशची बाईच म्हणतेय मराठी बोला, म्हणजे खरंच असेल.

शाळेत टीचर म्हणून लागलात तर शंका आलेल्या मुलाला कुठे पाठवायचं ते माहीत ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम सरकारी आणि पालिकेच्या शाळांत येते, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच जिल्ह्यात, पालघरला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. टीम येणार त्या दिवशी तुमची यादी तयार हवी, कोण सारखं 'काय?' म्हणतं, कोण तोंडाकडे बघत बसतं, कोणाचा कान वाहतो, कोणाच्या डिक्टेशनमध्ये शेवटची अक्षरं गळतात. मशीनचा खर्च झेपत नसेल तर केंद्राची एडिप, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणारी योजना आहे, लहान मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, पण त्यात होतं आणि ते काम अली यावर जंगकडे आहे. तिथे उशीर करू नका, इम्प्लांटला वय बघतात.

ज्यांनी आर्ट्स घेतलंय आणि आत्ता हे वाचून हळहळतायत त्यांच्यासाठी पण रस्ते आहेत. बी.ए. इंग्लिश करून मग कर्णबधिर मुलांसाठीचं स्पेशल बी.एड. करता येतं. बारावीनंतर भारतीय सांकेतिक भाषेचा इंटरप्रिटर व्हायचा डिप्लोमा आहे, त्याला सायन्स लागत नाही. थेरपिस्ट होता येणार नाही, पण कर्णबधिर मुलांना इंग्लिश वाचायला-लिहायला शिकवणारी माणसं फार कमी आहेत आणि ते काम थेरपीइतकंच मोलाचं आहे.

बाहेर जायचं म्हणणाऱ्यांनी एवढं बघून ठेवा की अमेरिकेत 'स्पीच अँड हिअरिंग सायन्स' ही बॅचलरची डिग्री असते पण तिच्यावर प्रॅक्टिस करता येत नाही, स्पीचसाठी मास्टर्स आणि ऑडिओलॉजीसाठी एयूडी, म्हणजे त्यातली डॉक्टरेट, करावीच लागते. आपली बीएएसएलपी इथे प्रॅक्टिस देते, तिथे नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीत भाषाविज्ञान, ऑडिओलॉजी आणि इंग्लिश टीचिंग हे सगळं एकाच कॅम्पसवर शिकवतात, ऑस्ट्रेलियन हिअरिंग हब पण तिथेच आहे, ज्याला दोन्ही एकत्र हवंय त्याने ते नक्की बघावं. फी मोठी आहे. मी तरी आधी इथली पदवी आणि दोन वर्षं काम, मग तिकडचं, असंच सांगेन.

घणसोलीच्या मुलीला मी शनिवारी बॅचला बोलावलंय. मागच्या बाकावर बसायचं, नवी वही आणायची, आणि दीड तास मुलं इंग्लिश बोलतील ते जसं ऐकू येईल तसंच लिहायचं, बरोबर करून नाही. सुरुवातीला हात आपोआप दुरुस्त करायला जातो, तो आवरायचा. पहिल्या दिवशी एक पान झालं तरी पुष्कळ.